पिकअप गाडीची उंची वाढवावी काय, व कशानें?

बैलगाडीची जागा ज्यांच्या घरीं पिकअप गाडीनें घेतली आहे, अशा शेतकरी बंधूंपैकीं कित्येकांस अलीकडे ‘लिफ्ट किट’ नांवाच्या जिनसेचा मोह पडूं लागला आहे. हा संच म्हणजे गाडी मूळच्यापेक्षां उंच उभी राहावी म्हणून बसवावयाच्या स्प्रिंगा, पाटे, शॉकॲब्सॉर्बर व त्यांस लागणारे ठोकळे, चकत्या, बोल्ट वगैरे सामान होय. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स अशा, चारही चाकांस इंजिनाचा जोर पोंचविणाऱ्या गाड्यांसाठीं हे संच मिळतात. पावसाळ्यांत पाणंदीनें जातांना गाडीचें पोट घासलें, कीं गाडी दोन-तीन इंच वर घेतली म्हणजे काम झालें, असें मालकाच्या मनांत येतें. विचार खोटा नाहीं, पण अर्धा आहे. आणि अर्ध्या विचारावर पुष्कळ पैसा खर्च होतो, म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडीत आहें.

संचानें काय वर जातें व काय जात नाहीं, हें प्रथम पाहावें. या गाड्यांच्या मागील बाजूस एक अखंड आंस असतो व त्यावर दांत्यांचा मोठा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, असतो. चौकटीचा भार पाट्यांवर, पाट्यांचा आंसावर व आंसाचा चाकांवर, अशी ही उतरंड आहे. संचानें पाट्यांच्या वरचें सर्व, म्हणजे चौकट, डिझेलची टांकी, पायऱ्या, बंपर, उंच होतें. गोळा मात्र होता तेथेंच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची केवळ चाकांच्या मापावर ठरते. म्हणून ट्रॅक्टरांनीं खोल केलेल्या चाकोरींतून जातांना मधला उंचवटा ज्याच्या गाडीच्या मागील गोळ्यास लागतो, त्यानें कितीहि महाग संच घेतला तरी तो उंचवटा लागावयाचाच. तेथें उपाय मोठ्या टायरांचा, आणि त्यांतहि हिशेब आहे: टायर ३० इंचांचे काढून ३२ इंचांचे घातले तर गोळा वर जातो एकच इंच, कारण व्यासाचा अर्धाच भाग आंसाखालीं असतो. शिवाय इंजिनाची ओढ सुमारें सोळाव्या हिश्शानें घटते, आणि वेगाचा कांटा ६० दाखवीत असतां गाडी वस्तुतः ६४ नें धांवते.

याउलट बांध ओलांडतांना चौकटीचें पोट टेकत असेल, अथवा ओढ्यांत उतरतांना पुढचा बंपर काठास लागत असेल, तर संचाचा खरा उपयोग होतो. काळ्या जमिनीच्या चिखलांत चाक जागच्या जागीं फिरतें त्यास मात्र उंचीचें औषध नाहीं. तेथें टायरांची नक्षी, त्यांतील हवा थोडी कमी करणें व चारही चाकांचा जोर, हींच साधनें उपयोगी पडतात. तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं गाडीखालीं वांकून ओरखडे कोठें पडले आहेत तें पाहावें. ही एक घटकेची मेहनत आहे व तिला दाम पडत नाहीं.

दुसरी तपासणी जुन्या गाडीसाठीं. पांच-सात वर्षें खतें, कांदा, ऊसाचें बेणें वाहून पाटे बसतात, व गाडी मूळच्या उंचीवरच राहिलेली नसते. सपाट जागीं रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर चारही ठिकाणीं मोजावें, व तेंच माप त्याच जातीच्या नव्या गाडीचें घेऊन ताडून पाहावें. दीड-दोन इंचांची तूट निघाली तर आपणांस लिफ्ट नको आहे, कंपनीच्या मूळ मापाचे नवे पाटे हवे आहेत. गांवच्या भात्यावर पाटे उतरवून पुन्हा बांक देण्याची चाल आहे. त्यानें उंची येते खरी, पण पोलादाचें पाणी गेलेलें असल्यास ती फार दिवस टिकत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट वजनाची. विक्रेते उंचीविषयीं पुष्कळ बोलतात व वजनाविषयीं थोडें. चांगले कारखाने एकाच उंचीच्या स्प्रिंगा निरनिराळ्या वजनगटांत देतात: रिकाम्या गाडीसाठीं, मध्यम भारासाठीं व नित्य जड भारासाठीं. आपली गाडी वर्षांतून किती दिवस भरलेली असते याचा प्रामाणिक हिशेब करावा. हंगामाचे दोन महिने भार, आणि बाकीचे दहा महिने दोन दुधाचे कॅन व घरचीं माणसें, अशी स्थिति असतां सर्वांत कडक पाटे घेतले, तर रिकामी गाडी खड्ड्यागणिक उडते, ब्रेक दाबतांच मागचीं चाकें जमीन सोडूं पाहतात, आणि टोमॅटो अगर द्राक्षें बाजारांत पोंचेपर्यंत दबून जातात. आपल्या पाट्यांची कडकी घरींच कळते. ६०० किलो भार घातल्यावर मागची बाजू तीन इंच बसली, तर २०० किलोस एक इंच, असें सुमारें प्रमाण निघतें. हे आंकडे लिहून नेले म्हणजे विक्रेत्याशीं बोलणें सोपें जातें. मात्र पाटे कितीहि कडक घातले तरी नोंदणी प्रमाणपत्रांत लिहिलेलें भारासह वजन एक किलोनेंहि वाढत नाहीं, कारण आंस, बेअरिंगें व ब्रेक मूळचेच असतात.

पुढील बाजूस या गाड्यांस प्रत्येक चाकाचे बाहू स्वतंत्र असतात व मध्यें कॉइल स्प्रिंग असते. तेथें स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगेच्या माथ्यावर चकती घालणें. यानें उंची येते, पण स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर जुनेच राहतात. नवी स्प्रिंग व तिला जुळणारा शॉकॲब्सॉर्बर एकत्र घेणें बरें. दोन इंचांपलीकडे गेलें, कीं चाकांस जोर नेणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरके होऊन त्यांचीं रबरी आवरणें लवकर फाटतात, आणि वरचे बाहूहि बदलावे लागतात. कामाच्या गाडीस दीड ते दोन इंच ही मर्यादा पुरे, असें माझें मत आहे. मागील बाजूस पाट्यांचा नवा संच उत्तम. जादा एक पाटा घालणें मध्यम. पाटे व आंस यांमध्यें लोखंडी ठोकळा घालणें कनिष्ठ, कारण जोरानें निघतांना ठोकळ्याच्या उंचीनें आंसास अधिक पीळ बसतो. ज्या पिकअपना पुढेंहि पाटे आहेत, त्यांच्या पुढच्या आंसावर ठोकळा कदापि घालूं नये. ब्रेक व सुकाणू दोन्हींचा ताण तेथेंच येतो. गाडीचा केवळ वरचा सांगाडा चौकटीपासून उचलणारे ठोकळेहि मिळतात. त्यांनीं चौकट जागची हालत नाहीं, केवळ डौल वाढतो. डौलाचें वेड कोठवर जातें पाहा: अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत पुढचें तोंड उचलून मागची बाजू बसविण्याची टूम इतकी फैलावली कीं, पुढचें मडगार्ड मागच्यापेक्षां चार इंच वा अधिक उंच करण्यास १ डिसेंबर २०२१ पासून कायद्यानें बंदी घालावी लागली. भार वाहणाऱ्यानें उलट रिकाम्या गाडीची मागची बाजूच किंचित उंच ठेवावी, म्हणजे भरल्यावर ती सपाट येते.

उंचीबरोबर धोकाहि वर चढतो. गाडीचा भारबिंदू वर जातो, चाकांमधील रुंदी तेवढीच राहते; वर कडब्याच्या पेंढ्या अगर कांद्याच्या गोण्या रचल्या, कीं धरणाच्या पाळूवरून तिरपें जातांना कलंडण्याचें भय वाढतें, आणि मागें पुष्कळदां मजूर बसलेले असतात! पुष्कळ पिकअपना मागील आंसाजवळ एक वाल्व असतो. गाडी किती बसली यावरून तो मागच्या ब्रेकांस जोर किती द्यावयाचा हें ठरवितो. गाडी उंच केली व त्याची दांडी पुन्हा जुळविली नाहीं, तर भरलेली गाडीहि त्यास रिकामीच वाटते व मागचे ब्रेक कमी लागतात. ही गोष्ट ज्या कारागिरास ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं हें काम देऊं नये.

आतां कागद. माझी सर्व नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून या बाबतींत वाचकांनीं थोडा धीर धरावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणी प्रमाणपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीं दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ मध्यें अशा गैर फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही सांगितलीं आहेत. ‘सर्वजण बसवितात, कोणी विचारीत नाहीं’ हें विक्रेत्याचें उत्तर आहे, कायद्याचें नव्हे. मूळ मापाचे पाटे बदलणें ही दुरुस्ती होय. उंची वाढविणें हा फेरफार होय. तेव्हां संचाचा नमुना व वाढणारी उंची लिहून प्रादेशिक परिवहन कार्यालयास अर्ज करावा, पोंच घ्यावी, आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे देऊं नयेत. विमा कंपनीसहि लेखी कळवावें. अपघात झाल्यावर तपासनीस प्रथम गाडीखालींच पाहतो.

परवानगी मिळून संच बसविल्यावर त्याच दिवशीं चाकांचे कोन यंत्रावर जुळवून घ्यावेत, पुढचे दिवे खालीं वळवावेत, व चाकें दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहींत हें पाहावें. नवे पाटे पहिल्या काहीं आठवड्यांत थोडे बसतात. म्हणून पांचशें किलोमीटर झाल्यावर सर्व यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि मडगार्डचें माप चारही ठिकाणीं पुन्हा मोजून पहिल्या मापांशेजारीं लिहून ठेवावें.