सरबताचा रंग

म्हैसूर शहराच्या वायव्य भागात विजयनगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. रामनवमीच्या सुमारास शहरातील इतर भागांप्रमाणे येथेही गूळ, सुंठ, वेलदोडे आणि मिरे घातलेले ‘पानक’ लोकांना वाटण्याची रीत आहे. महाराष्ट्रात याच दिवसांत, चैत्रातील हळदीकुंकवाला, कैरीचे पन्हे देतात. उन्हातून आलेल्या माणसाचा शीण घालवणे हेच या दोन्ही पेयांचे काम होय. परंतु वाढदिवस, मुंज, लग्न अशा समारंभांत यजमानाला केवळ चव पुरेशी वाटत नाही. पेल्यातील पेय डोळ्यांत भरावे, मुलांनी ते पाहताच हात पुढे करावा, अशी त्याची इच्छा असते. मग पाण्यात साखर व लिंबू घालून त्यात बाजारातील लाल, हिरव्या किंवा निळ्या भुकटीची चिमूट टाकली जाते. ती भुकटी कशाची आहे आणि चिमटीत किती मावली, हे सहसा कोणी विचारत नाही.

ही चिमूट न टाकताही पेय लालबुंद, जांभळे किंवा निळे करता येते. त्यासाठी फळाफुलांतील रंगांचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो.

म्हैसूर आणि कोकम

विजयनगरापासून थोड्याच अंतरावर, कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, चेलुवांबा राजवाड्याची वास्तू उभी आहे. याच वास्तूत ऑक्टोबर १९५० मध्ये केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले. अन्न टिकवणे, त्याची पारख करणे आणि देशी फळांचा उपयोग वाढवणे या कामांसाठी ही संस्था ओळखली जाते. मराठी वाचकाला जवळचे वाटणारे कोकमही या संस्थेच्या अभ्यासाचा विषय झाले आहे.

कोकमाचे झाड कोकण, गोवा आणि कर्नाटकाचा घाटमाथा या पट्ट्यात वाढते. त्याच्या पिकलेल्या फळाला रातांबा म्हणतात. ज्या वनस्पतिवंशात कोकम मोडते, त्याच वंशातील दक्षिणेकडच्या एका आंबट फळाचे पृथक्करण म्हैसूरच्या संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी केले. त्यातील मुख्य अम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल हे आहे, असे त्यांनी १९६५ साली दाखवून दिले. कोकमाच्या सालीचा आंबटपणाही प्रामुख्याने याच अम्लामुळे येतो. सालीचा गडद लाल रंग मात्र वेगळ्याच द्रव्यांमुळे असतो. ही द्रव्ये अँथोसायनिन नावाच्या मोठ्या कुटुंबातील आहेत. जांभूळ, काळी द्राक्षे, जास्वंद आणि तांबडा कोबी यांचे रंगही याच कुटुंबातले.

अम्लाप्रमाणे पालटणारे रंग

अँथोसायनिनांचा मोठा गुण, आणि गैरसोयही, अशी की त्यांचा रंग स्थिर नसतो. भोवतालचे पाणी किती अम्लधर्मी आहे यावर तो अवलंबून असतो. अम्लता ‘सामू’ या परिमाणाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. अम्लता वाढते तसा तो उतरतो. सामू ३ च्या आसपास वा त्याखाली असला की अँथोसायनिनाच्या रेणूवर धन विद्युत्‌भार राहतो व तो लाल दिसतो. सामू ४ ते ५ च्या दरम्यान पाण्याचा रेणू त्याला जोडला जाऊन रंग फिका पडतो. त्याही वर गेल्यास जांभळी व निळी छटा येते आणि अल्कधर्मी पदार्थ भरपूर घातल्यास हिरवट-पिवळी छटा उमटते.

इंग्लंडमधील रॉबर्ट बॉईल याने १६६४ साली रंगांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हायोलेटच्या, म्हणजे बनफशाच्या, फुलांचा पाक अम्लाने लाल व अल्काने हिरवा होतो, हे त्याने त्यात नोंदवले. अम्ल ओळखण्याचे हे साधन औषधविक्याच्या दुकानातले एक सरबतच होते! पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विल्श्टेटर याने फुलाफळांतील या रंगद्रव्यांची रचना उलगडली. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः पर्णहरितावरील, संशोधनासाठी त्याला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकमाचे सरबत लाल का राहते, याचे उत्तर आता सहज देता येते. रंग आणि त्याला लाल ठेवणारे अम्ल ही दोन्ही एकाच सालीत असतात. फळाने आपला रंग टिकवण्याची सोय स्वतःच केली आहे.

गोकर्णाच्या निळ्या फुलाची तऱ्हा वेगळी आहे. त्याचा रंगही अँथोसायनिनांचाच. परंतु या रेणूंना साखरेच्या व अन्य अम्लांच्या लांब शाखा जोडलेल्या असतात. त्या रंगाच्या गाभ्याभोवती घड्या घालून बसतात आणि पाण्याच्या आघातापासून त्याला वाचवतात. त्यामुळे गोकर्णाचा काढा साध्या पाण्यात निळाच राहतो. लिंबाचे थेंब पडताच तो जांभळा होतो व आणखी लिंबू पिळल्यास गुलाबीकडे झुकतो.

हिरवा रंग का टिकत नाही

पुदिन्याचे हिरवेगार सरबत लिंबू घातल्यावर काही वेळाने मळकट शेवाळी दिसू लागते, हा अनेकांचा अनुभव आहे. पर्णहरिताच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. अम्ल तो अणू बाहेर काढते व त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. या फेरबदलाबरोबर हिरवेपणाही जातो. मॅग्नेशियमच्या जागी तांबे बसले तर मात्र हिरवा रंग पक्का होतो. म्हणूनच एके काळी लोणची व भाज्या हिरव्या दिसाव्यात यासाठी त्या तांब्याच्या भांड्यात शिजवत किंवा त्यांत मोरचूद घालत. डोळ्यांना सुख देणारी ही युक्ती पोटाला घातक होती. यास्तव पुदिन्याच्या पेयात लिंबू अगदी वाढतेवेळी घालावे, हा सरळ मार्ग.

याच कारणाने आंबट पेय तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात करू नये. जुन्या घरांत अशा भांड्यांना कल्हई लावल्याशिवाय त्यांत आंबट पदार्थ ठेवत नसत. लोखंडाच्या भांड्यात कोकमाचा लाल रंग काळपट होतो. काच, चिनीमाती व न गंजणारे पोलाद ही या कामाला उत्तम.

चाळीस पाहुण्यांसाठी पेय

एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. ते धुऊन, पुसून, फोडून आतल्या बिया काढाव्यात. सालींच्या वजनाच्या दुप्पट साखर घेऊन, स्वच्छ व कोरड्या काचेच्या बरणीत सालींचा एक थर व साखरेचा एक थर याप्रमाणे भरावे. आठवडाभर रोज एकदा कोरड्या चमच्याने हलवावे. पाण्याचा एक थेंबही न घालता बरणीत लाल पाक साचतो. सालीच्या पेशींबाहेर साखर फार व आत कमी असल्यामुळे आतले पाणी बाहेर ओढले जाते. या क्रियेला तर्षण म्हणतात. पाण्याबरोबर रंग व अम्लही उतरते. हा पाक गाळून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा. उष्णता, उजेड व हवा यांनी अँथोसायनिने विटतात. तो उकळण्याचा मोह टाळावा.

एक लीटर पाक, दोन लीटर थंड पाणी, चवीपुरते मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र करावी. दुसऱ्या भांड्यात तीन लीटर कढत पाण्यात गोकर्णाची तीस-पस्तीस ताजी निळी फुले, हिरवे देठ काढून, दहा मिनिटे ठेवावीत. मग गाळून ते पाणी थंड करावे. प्रत्येक पेल्यात प्रथम ७५ मिलिलीटर कोकमाचे मिश्रण ओतावे. त्याच्या पृष्ठभागाशी चमचा उलटा धरून, त्यावरून हळूहळू ७५ मिलिलीटर गोकर्णाचे पाणी सोडावे. तळाशी लाल, वर निळा आणि त्यांच्या सीमेवर जांभळा असे तीन रंग दिसतील.

हे थर का मिसळत नाहीत? सुमारे ६० टक्के साखरेच्या पाकाची घनता पाण्याच्या १.२९ पट असते. पाणी मिसळून केलेल्या वरील मिश्रणात साखर २३ टक्क्यांच्या आसपास उरते व घनता सुमारे १.१० पट होते. गोकर्णाच्या पाण्यात साखर नसल्याने ते हलके असते व वर तरंगते. सीमेवर मात्र कोकमाचे अम्ल हळूहळू वर पसरते आणि निळ्याचे जांभळे करते. चमच्याने ढवळताच सारा पेला तांबूस-जांभळा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत घनता, विसरण व अम्लता यांचे तीन पाठ या एका पेल्यात शिकवता येतील.

साखरेचा हिशेबही येथे पाहावा. अशा १५० मिलिलीटरच्या पेल्यात सुमारे १९ ग्रॅम साखर जाते. प्रौढ माणसाच्या आहारातील वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दशांशाहून, म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅमहून, कमी असावी आणि निम्म्यावर आल्यास अधिक चांगले, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली. एक पेला पुरे, दुसरा आग्रहाने वाढू नये, हा त्याचा अर्थ.

गोकर्णाच्या फक्त पाकळ्याच वापराव्यात. त्याची मुळे व बिया रेचक आहेत. ‘नैसर्गिक’ हा शब्द निर्धोकपणाची हमी नव्हे, हे विसरू नये.

परका रंग

१८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग मिळाला व कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. हे रंग स्वस्त, चमकदार आणि अम्लाला न जुमानणारे. कापडासाठी जन्मलेले हे रंग लवकरच मिठाईत व पेयांतही शिरले. भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने व पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यांना लगाम घातला. नियमांत मोजके आठ कृत्रिम रंग मान्य करण्यात आले; तेही ठरावीक पदार्थांत आणि बहुधा एका किलोग्रॅमला १०० मिलिग्रॅम या मर्यादेत. या हिशेबाने वरील सहा लीटर पेयाला शुद्ध रंगाची कमाल मात्रा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चहाच्या पाव चमच्याहूनही कमी भरते. समारंभाच्या गर्दीत तराजू घेऊन बसणार कोण?

मान्य रंगांचा प्रश्न प्रमाणाचा आहे. अमान्य रंगांचा प्रश्न विषाचा आहे. ऱ्होडामिन-बी हा भडक गुलाबी रंग कापड व कागद यांच्यासाठी आहे. अन्नात त्याला मुळीच परवानगी नाही. तरीही तो मुलांच्या खाऊत आढळतो. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने साखरेच्या कापसात, म्हणजे ‘म्हातारीच्या केसां’त, या रंगाच्या वापरावर बंदी घातली, तपासलेल्या २५ नमुन्यांपैकी १५ असुरक्षित ठरले होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ सालच्या प्रयोगात, काही मान्य रंग व सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण प्यायलेल्या मुलांत चंचलता किंचित वाढलेली आढळली. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक झाले.

मुले चवीपेक्षा रंगाकडे आधी ओढली जातात. भडक पेयाचा मोठा वाटा त्यांच्याच पोटात जातो आणि वजनाच्या मानाने त्यांची मात्रा मोठ्यांपेक्षा अधिक पडते. म्हणून पेयाच्या रंगाची चौकशी ही हौसेची नव्हे, जबाबदारीची गोष्ट ठरते.

पाणी, बर्फ आणि वेळ

सरबताचा दाट पाक साखरेमुळे टिकतो. त्यात सूक्ष्मजीवांना वापरण्याजोगे पाणीच उरत नाही. पाणी मिसळताच हे संरक्षण संपते. हवेतील व फळावरील यीस्ट साखरेवर पोसले जाऊन तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करू लागतात. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलेल्या सरबताला फेस व आंबूस वास येतो तो यामुळे. ज्या पेयाची ओळख मद्यरहित अशी, त्यातच मद्यार्क निर्माण व्हावा, ही निष्काळजीपणाची किंमत होय. पाणी समारंभाच्या दिवशीच मिसळावे, पेय थंड ठेवावे व उरलेले टाकून द्यावे.

पाणी उकळून गार केलेले असावे आणि बर्फही तशाच पाण्याचा. गोठल्याने रोगजंतू मरतातच असे नाही. मासळी किंवा यंत्रे थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ पेयांत जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा निर्देश देण्यात आला. येथे रंगाने ग्राहकाला सावध करण्याचे काम केले.

रंग खरे बोलू शकतो तसा खोटेही बोलू शकतो. कोकमाचा लाल रंग त्या पेल्यात फळ आहे व अम्ल आहे असे सांगतो. काही न सांगणाऱ्या भुकटीचा लाल रंग फळ नसताना फळाचा भास निर्माण करतो. ज्या यजमानाला हा भेद कळला, त्याच्या घरचे सरबत कदाचित बाजारातल्याइतके भडक दिसणार नाही. परंतु ‘यात काय घातले आहे?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला प्रत्येक जिन्नसाचे नाव सांगता येईल.