विश्लेषण : ‘अंजायना’ म्हणजे नेमके काय? हा शब्द आला कुठून?

‘अंजायना’ला मराठीत हृदयशूल म्हणतात. शूळ म्हटले की सुई टोचल्यासारखी तीव्र कळ डोळ्यांसमोर येते. मूळ शब्दाचा अर्थ मात्र वेगळा आहे आणि तो माहीत असणे उपयोगाचे आहे.

शब्दाचा अर्थ काय?
लॅटिनमध्ये ‘अँगेरे’ म्हणजे आवळणे, गळा दाबणे. त्याच्याशी नाते असलेला ‘अंजायना’ हा शब्द आधी घशाच्या आजारासाठी वापरला जाई. जर्मन आणि रशियन भाषांत टॉन्सिल्सच्या संसर्गाला आजही याच नावाने ओळखतात. इंग्रजीतील ‘अँक्झायटी’ आणि संस्कृतातील ‘अंहस्’ (संकट) हे शब्दही याच कुळातले.

घशातून छातीकडे कसा आला?
इंग्लिश डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर या विकाराचे वर्णन मांडले. ते १७७२ मध्ये छापून आले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते. थांबताच बरे वाटते, हे त्यांनी टिपले. गुदमरल्याची भावना आणि घालमेल यांवरून त्यांनी नाव दिले ‘अंजायना पेक्टोरिस’. पेक्टोरिस म्हणजे छातीचा.

असे का होते?
हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला लागणारा ऑक्सिजन पुरा पडत नाही. विश्रांती घेतली की गरज घटते आणि त्रास कमी होतो.

मग लक्षण कसे ओळखायचे?
‘दुखत नाही, फक्त जड वाटतंय’, ‘छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय’ असे रुग्ण सांगतात. कळ नाही म्हणून अ‍ॅसिडिटी समजून अनेकदा दुर्लक्ष होते. हा दाब जबडा, खांदा किंवा डाव्या हातातही जाणवू शकतो. महिला आणि मधुमेहींमध्ये केवळ धाप किंवा थकवा दिसू शकतो.

जिना चढताना असा त्रास होऊन थांबल्यावर जात असेल, तरी डॉक्टरांना दाखवा. पहिल्यांदाच जोरात झाला, बसल्या जागी सुरू झाला, काही मिनिटांत थांबला नाही किंवा सोबत घाम, मळमळ असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता १०८ वर फोन करा.