टर्मिनेटर बियाणं: कुलूप कसं होतं आणि ते कुठे गळलं असतं

'बीटी कपाशीचं बी पुन्हा पेरता येत नाही, कारण ते टर्मिनेटर आहे.' हे वाक्य अजूनही कानावर येतं. ते चूक आहे. आपल्याकडचं बीटी कपाशीचं बी बहुतेक संकरित असतं. ते उगवतं, फक्त पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून शेतकरी दरवर्षी नवं पाकीट घेतो. टर्मिनेटर बियाणं तर कधी बाजारात आलंच नाही. या विषयावर काम करायचं असेल तर आधी हा फरक पक्का करा.

मार्च १९९८ मध्ये डेल्टा अँड पाइन लँड ही कापूस-बियाण्यांची कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना मिळून हे पेटंट मिळालं. त्यातली रचना हुशारीची आहे. एक जनुक पेशीला मारणारं प्रथिन बनवतं, पण त्याचा प्रमोटर बी जवळजवळ तयार झाल्यावरच चालू होतो. म्हणजे तेल, प्रथिनं भरून झाली, माल विकण्याजोगा झाला, आणि मग आतला गर्भ मरतो. मधे डीएनएचा एक अडसर ठेवलेला असतो, त्यामुळे कंपनीला स्वतःला बी वाढवता येतं. विक्रीआधी बी टेट्रासायक्लिनमध्ये भिजवायचं. मग क्रे नावाचं विकर तयार होऊन तो अडसर कापून टाकतं. शेतकऱ्याचं पीक नेहमीसारखं येतं, त्यातलं बी मात्र उगवत नाही.

फायदा काय? कंपनीच्या बाजूने सरळ आहे: सोयाबीन, गहू अशा स्वपरागित पिकांत संकराचं संरक्षण नसतं, ते इथे मिळतं. दुसरा दावा जास्त गंभीरपणे घेण्यासारखा आहे. बीच उगवलं नाही तर जनुकं रानात पसरणार नाहीत.

पण इथेच गडबड आहे. भिजवताना औषध प्रत्येक बियापर्यंत पोचलं नाही, तर काही झाडांत अडसर तसाच राहतो आणि त्यांचं बी व्यवस्थित उगवतं. कुलूप शंभर टक्के लागलं नाही तर ते जनुकांना अडवणारं कुलूप राहत नाही. उलट जिथे ते लागलं, तिथला पराग मारक जनुक घेऊन शेजारच्या शेतात जाऊ शकतो. त्या परागातून धरलेलं बी तिथेच मरतं. वरून काहीच दिसत नाही. आपल्याकडे घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजतात. शेजाऱ्याला कळलं तर तेव्हाच कळणार. स्वपरागित पिकात हे प्रमाण कमी असेल, पण बी त्याने विकत घेतलेलं नसताना नुकसान मात्र त्याचं. (प्रतिजैविकात टनावारी बी भिजवणं हा आणखी एक प्रश्न, तो वेगळा विषय आहे.)

ऑक्टोबर १९९९ मध्ये मोन्सँटोने हे तंत्र बाजारात आणणार नाही असं जाहीर केलं. २००० मध्ये जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी शेतातल्या चाचण्यांना तूर्त मंजुरी देऊ नये अशी शिफारस केली, २००६ मध्ये ब्राझीलच्या कुरितिबात ती कायम ठेवली. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात तर कलम २९ अशा वाणाची नोंदणीच नाकारतं, आणि कलम ३९ शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य करतं. मूळ पेटंट वाचायचं असेल तर अमेरिकी क्रमांक ५,७२३,७६५. आधी आकृत्या बघा, दावे नंतर.