पोलादी बादलीची पारख

जयपूर शहराच्या दक्षिण भागातील गोपालपुरा ओलांडून टोंक रस्त्याने पुढे गेले म्हणजे थोड्याच वेळात सांगानेर लागते. पांढऱ्या कापडावर लाकडी ठशांनी उठविलेल्या बारीक वेलबुट्टीसाठी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. अजमेर रस्त्यावर जयपूरपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर असलेले बगरू हे त्याचेच भावंड. मात्र तेथील ख्याती काळ्या आणि तांबड्या रंगांची. बगरूचा काळा रंग लोखंडापासून होतो. गंजलेल्या लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात घालून ते मडक्यात कित्येक दिवस आंबत ठेवतात. आंबण्यातून उत्पन्न होणारी आम्ले लोखंड विरघळवितात. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर ह्या द्रावाचा ठसा पडला की हिरड्यातील टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन तो काळाभोर उमटतो. तांबड्यासाठी लोखंड नव्हे, तुरटी लागते. आणि तुरटीत लोखंडाचा अंश शिरला तर तोच तांबडा मळकट, काळसर होऊन बसतो.

रंगाऱ्याच्या ह्या जुन्या अनुभवात पोलादी बादलीच्या निवडीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. पोलाद म्हणजे मुख्यत्वे लोखंडच होय. आत ठेवलेला पदार्थ त्याला स्पर्श न करता राहील, अशी समजूत करून घेणे हीच पहिली चूक.

येथे विहिरीवरची बादली अभिप्रेत नाही. कारखान्यांतून रंग, वंगण, द्रावके किंवा रसायने भरून दूरवर धाडण्यासाठी जी साधारण २० लिटरची, झाकणाची व कडीची बादली वापरतात, तिचा हा विचार आहे. तिचा पत्रा सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो. अंगाची उभी शिवण वितळजोडाने सांधलेली असते, आणि तळ दुहेरी दुमडीने, सांध्यात लुकण भरून, बसविलेला असतो. वरून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या बादल्या रिकाम्या असताना एकीत एक बसतात व मालमोटारीतील पुष्कळ जागा वाचते. सरळ अंगाच्या बादल्यांना ही सोय नाही.

आता आतील पदार्थाकडे वळू. वंगणतेल, रॉकेल, टर्पेंटाइन ह्यांसारख्या पाणीविरहित द्रवांना साधा पत्रा चालतो. पाण्यात कालविलेल्या रंगाला तो चालत नाही. पत्रा गंजतो आणि गंजाचा तांबूस डाग रंगात उतरतो. अशा मालासाठी बादलीच्या आतून रेझिनचा भाजून पक्का केलेला लेप द्यावा लागतो. ॲसेटिक आम्लाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ते लोखंड खाते आणि हायड्रोजन वायू सोडते. किती, ह्याचा हिशेब शाळेतील विद्यार्थीही करू शकेल. ५६ ग्रॅम लोखंडामागे २ ग्रॅम हायड्रोजन सुटतो. म्हणजे केवळ १ ग्रॅम लोखंड विरघळले तरी नेहमीच्या तापमानास सुमारे ४३० घन सेंटिमीटर वायू निर्माण होतो. झाकणाखाली लिटरभर मोकळी जागा असेल, तर पत्र्याचे दोन-अडीच ग्रॅम नाहीसे होताच आतील दाब दुप्पट होईल. पत्र्यावर त्याची खूणही दिसणार नाही. फुगलेले झाकण मात्र दिसेल. शिवाय हा वायू ज्वालाग्राही आहे. कापड पांढरे करण्यासाठी वापरतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडची गत निराळी, पण परिणाम तसाच. लोखंडाच्या संसर्गाने त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन व उष्णता बाहेर पडतात, आणि उष्णतेने विघटन आणखी वेगावते. ह्या दोन्ही पदार्थांची जागा साध्या पोलादी बादलीत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेली बादली साध्या बादलीहून सर्वच बाबतीत श्रेष्ठ, असे पुष्कळांस वाटते. पाण्याच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु कॉस्टिक सोड्याच्या द्रावाचा अनुभव ह्याच्या नेमका उलट आहे. साध्या तापमानास हा द्राव उघड्या लोखंडाला फारसा उपद्रव देत नाही. जस्ताला मात्र तो विरघळवितो आणि तेथेही हायड्रोजन सुटतो. अधिक किंमत देऊन अधिक वाईट बादली घेतल्यासारखे होते.

राजस्थानात पदार्थाइतकाच उन्हाचा विचार करावा लागतो. मे महिन्यात जयपूरच्या दुपारी तापमानाने ४० अंश सेल्सिअस ओलांडणे नित्याचे आहे, आणि बंद मालमोटारीत किंवा उघड्यावर उन्हात ठेवलेल्या पत्र्याचे तापमान त्याहून पुष्कळ वर जाते. समजा, २० अंशांवर एका बादलीत २० लिटर टर्पेंटाइन काठोकाठ भरले आणि वाटेत ते ५५ अंशांवर गेले. अशा द्रवाचे आकारमान अंशागणिक सुमारे हजाराव्या भागाने वाढते. म्हणून ३५ अंशांत वाढ होईल सुमारे ७०० घन सेंटिमीटर. बादलीही प्रसरण पावते, हे खरे. पण पोलादाचे प्रसरण इतके अल्प की तिची जागा जेमतेम २५ घन सेंटिमीटरने वाढेल. उरलेल्या द्रवाने जावे कोठे? द्रव दाबला जात नाही. प्रथम झाकण व तळ फुगतात, मग सांधा सुटतो. फुगलेल्या तळाची बादली सपाट उभी राहत नाही, त्यामुळे तिच्यावर रचलेली थप्पीही डळमळते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींनुसार धोकादायक द्रव भरताना ५५ अंशांवरही भांडे पूर्ण भरता कामा नये. थंडीच्या दिवसांत भरणाऱ्याने हा नियम विशेष ध्यानात ठेवावयास हवा. कारण त्या वेळी काठापर्यंत भरलेली बादली अगदी निरुपद्रवी दिसते.

ह्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध झाल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारल्या गेल्या. त्यांनुसार कसोटीस उतरलेल्या भांड्यावर एक सांकेतिक खूण उठविलेली असते. बादलीची गणना पिंपांतच केलेली असल्याने खुणेचा आरंभ ‘१’ ह्या अंकाने होतो. पुढील ‘ए’ म्हणजे पोलाद. त्यानंतर ‘१’ असेल तर माथा कायमचा बसविलेला आणि तोंड ७ सेंटिमीटरपेक्षा रुंद नाही, असे समजावे. ‘२’ असेल तर माथा निघणारा. पातळ, बाष्पनशील द्रवासाठी पहिला प्रकार बरा. घट्ट रंग किंवा ग्रीस लहान तोंडातून काढता येत नाही, त्यासाठी दुसरा.

पुढचे अक्षर बळ सांगते. ‘एक्स’ खुणेची बादली अति धोकादायक मालासही चालते, ‘वाय’ मध्यम व त्याखालील धोक्याच्या मालास, ‘झेड’ केवळ सौम्य धोक्याच्या. पाण्याहून फार जड नसलेल्या मालासाठी ह्या बादल्या भरून अनुक्रमे १.८, १.२ आणि ०.८ मीटर उंचीवरून टाकून पाहिल्या जातात. मालमोटारीच्या फळीवरून माल उतरविताना हातून निसटलेली बादली साधारण एवढ्याच उंचीवरून पडते, हे पाहिले म्हणजे ह्या आकड्यांत कृत्रिम असे काही वाटत नाही. थप्पीची परीक्षा ३ मीटर उंचीच्या भाराखाली २४ तास चालते. मात्र ही सारी ग्वाही ज्या झाकणासह परीक्षा झाली त्याच झाकणापुरती असते. कडेने पाकळ्या असलेले झाकण एकदा उचकटले की पाकळ्या पूर्वीसारख्या आवळल्या जात नाहीत, आणि रबरी वेटोळे झिजले तर उत्तम पत्राही निरुपयोगी ठरतो. अंगाला पडलेला पोचा बहुधा सह्य असतो. तळाच्या दुमडीवरचा पोचा नव्हे, कारण तेथील लुकण भंगलेले असू शकते.

ज्वालाग्राही द्रावक ओतताना द्रवाच्या घर्षणाने विद्युत्‌भार साठतो. पोलाद वाहक असल्यामुळे ओतण्याचे भांडे व बादली तारेने जोडून ती तार जमिनीस लावता येते. प्लास्टिकच्या बादलीत ही सोय नसते.

राहिली रिकामी बादली. भारतीय घरांत तिला सहसा टाकून देत नाहीत. पाणी, धान्य, गुरांचे खाद्य ह्यांसाठी ती पुन्हा उभी राहते. पण पत्र्याच्या दुमडीत शिरलेले द्रावक नुसत्या धुण्याने निघत नाही. भरलेल्या बादलीत हवा थोडी असते. रिकामीत बाष्प आणि हवा ह्यांचे मिश्रण असते, आणि ठिणगीला हवे असते ते हेच. अशा बादलीचा माथा ज्योतीने कापून काढण्यास बसलेल्या कारागिराला ती पूर्वी कशाने भरली होती, हे ठाऊक असतेच असे नाही.