आज नीट टेकलं का?

"आज नीट टेकलं का गं?" रोज संध्याकाळी आईचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. जेवलीस का, झोप होते का, हे सगळं नंतर. विमान वर नेण्याचं तिला काही कौतुकच नाही. "वर काय, पाखरंही जातात. खाली नीट यायला पाहिजे," असं तिचं म्हणणं. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, तिचं बरोबर होतं.

मी अमळनेरची. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिकाचं शिक्षण घेत होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचं विमान सेसना १५२. शेजारी शेजारी दोनच सीट, इतक्या जवळ की शिकवणाऱ्या मॅडमचा आणि माझा खांदा सतत घासायचा. इंजिन ११० हॉर्सपॉवरचं. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं आणि एकेका तासाला पाच आकडी पैसे. आईने पाटल्या मोडल्या होत्या, बाबांनी घर गहाण टाकलं होतं. त्यामुळे तास वाया गेला की माझ्या डोळ्यांसमोर पाटल्याच यायच्या.

बरोबरीची मुलं पंधरा तासांच्या आसपास एकट्याने उडून आली. माझे एकोणीस झाले, तरी लँडिंग जमेना.

लँडिंगचा सराव म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेऱ्या. उडायचं, हजार फुटांवर जायचं, पट्टीला समांतर यायचं, दोनदा वळायचं की समोर पट्टी. चाकं टेकली न टेकली की पुन्हा पूर्ण पॉवर आणि वर. एक फेरी सहा-सात मिनिटांची. विचार करायला उसंतच नाही. त्यात खान्देशातलं ऊन! दहा वाजले की नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम हवा उसळते आणि विमान कढईतल्या पुरीसारखं वर येतं. म्हणून आम्ही उजाडताच निघायचो.

माझी चूक एकच होती, पण हट्टी. ताशी शंभरेक किलोमीटरच्या वेगाने जमीन अंगावर आली की मी नाकासमोरच बघायची. घाबरून कंट्रोल लवकर ओढायची. मग विमान टेकायच्या ऐवजी फुग्यासारखं वर उचललं जायचं, वेग संपायचा आणि दणकन आदळायचं.

एका सकाळी तर फारच झालं. फुगा झाला, मी घाबरून नाक खाली दाबलं. पुढचं चाक आधी आपटलं, विमान उसळलं, मी पुन्हा दाबलं. "सोड!" मॅडमचा आवाज. क्षणात पूर्ण पॉवर, नाक सरळ, फ्लॅप्स हळूहळू वर, आणि आम्ही पुन्हा आकाशात. माझे हात मांडीवर थरथरत होते. पुढचं चाक मोडलं असतं, पंखा जमिनीला लागला असता. मला कळत होतं.

मला वाटलं, आता ओरडतील. तर त्या म्हणाल्या, "स्कूटी शिकलीस तेव्हा पुढच्या चाकाकडे बघत होतीस का?"

"नाही मॅडम."

"मग इथे का बघतेस? पट्टीच्या पार टोकाकडे बघ. आणि टेकवायची घाई करू नकोस. तू नुसतं त्याला टेकू देऊ नकोस. धरून ठेव, धरून ठेव. थकलं की ते आपणच बसेल."

पुढची फेरी त्यांनी केली, माझे हात नुसते हलकेच कंट्रोलवर. पॉवर बंद, नजर लांब, आणि जमिनीपासून दोन-चार फुटांवर विमान तरंगत राहिलं. मग पंखातली शिट्टी वाजू लागली. वेग संपत आल्याची ती सूचना. जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज! आजवर तिला मी घाबरायची. "ही वाजली की खूश व्हायचं," मॅडम म्हणाल्या. मागची चाकं टेकली, पुढचं सावकाश खाली आलं.

खाली उतरल्यावर चहा पिताना त्यांनी सांगितलं, की त्यांनाही तेवीस तास लागले होते. घरी खोटंच पंधरा सांगितले होते. हजारो तास उडालेली बाई हे सांगते म्हटल्यावर मला चहा गोड लागला! अमरावती असो की अमळनेर, मुलीवर खर्चलेल्या पैशाचा हिशेब मुलगीच जास्त ठेवते, हे त्या दिवशी कळलं.

१९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी दोन्ही वैमानिक महिला असलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं, हे मी शाळेत भाषणात सांगितलं होतं. त्यांनाही कुणीतरी लँडिंग शिकवलं असेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ फेऱ्या केल्या. दोन वाईट, तीन बऱ्या. सहाव्या वेळी पिपाणी वाजली आणि चाकं कधी टेकली ते समजलंच नाही. बाजूला बघितलं, तर मॅडम हाताची घडी घालून खिडकीबाहेर कपाशी बघत होत्या.

संध्याकाळी फोन आला.

"टेकलं का गं?"

"टेकलं. पण आठातलं तीनदाच नीट."

"बरं. मग उद्या किती वाजता?"

"सहाला. वारा बघून ठरणार आहे, एकटीला सोडायचं की नाही ते."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "जेवलीस का?"