सहा बागा आणि एक वादक

‘सिक्स जॅपनीज गार्डन्स’ ही फिनलंडच्या संगीतकार काया सारिआहो (१९५२–२०२३) यांची एकल तालवाद्य आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनींसाठीची रचना. १९९३च्या उन्हाळ्यात त्या जपानमध्ये होत्या. क्योतोतल्या बागा पाहताना लयीविषयी जे सुचले, ते त्यांनी सहा भागांत मांडले. टोकियोच्या कुनिताची संगीत महाविद्यालयाने ही रचना करवून घेतली आणि ती लिहिली गेली शिनइची उएनो या वादकासाठी.

तालवाद्य आणि संगणक म्हटले की दणदणाट डोळ्यांपुढे येतो. इथे तसे काही नाही. लयीतले बारीक बदल कानाला कळावेत म्हणून सारिआहो यांनी वाद्ये मुद्दामच मोजकी ठेवली. त्यामुळे कमी झालेले नादरंग इलेक्ट्रॉनिक भाग भरून काढतो. त्यात निसर्गातले आवाज आहेत, धार्मिक विधींतले गायन आहे आणि त्याच महाविद्यालयात उएनो यांच्यासोबत ध्वनिमुद्रित केलेली तालवाद्येही आहेत. त्यामुळे समोर वाजणारा नाद कुठे संपतो आणि स्पीकरमधला कुठे सुरू होतो, हे बऱ्याचदा उमगत नाही.

खरी गंमत आहे ती ध्वनी सुरू करण्याच्या पद्धतीत. तुलनेसाठी पाहा: मेक्सिकोचे संगीतकार हाविएर आल्वारेस यांच्या ‘तेमास्काल’ या रचनेत (१९८४) माराका, म्हणजे मोठे खुळखुळे, आणि ध्वनिफीत एकत्र वाजतात. फीत एकदा सुरू झाली की थांबत नाही. वादकाला तिच्याशी जुळवूनच घ्यावे लागते. सारिआहो यांनी मात्र ध्वनींचे तयार तुकडे केले आणि ते सुरू करण्याचे काम वादकाकडेच दिले. तो सहसा पेडल दाबून ते करतो. त्यामुळे दोन नादांमधली शांतता किती लांबवायची, हे बरेचसे त्याच्या हाती राहते.

पहिला भाग नानझेन-जी मंदिरातल्या तेन्जुआन बागेचा. तो सर्वांत साधा. त्यात वाद्यांची ओळख होते. पुढे एकावर एक चढलेल्या लयी आणि पुन्हा पुन्हा येणारे ठेके भेटतात, कधी लय सुटून नुसता नादरंग उरतो. चौथा भाग र्‍योआन-जीच्या पाषाणबागेवर आहे. या बागेत पंधरा खडक अशा बेताने मांडले आहेत, की ओसरीवर कुठेही बसले तरी एखादा दडलेलाच राहतो. पाचवा सैहो-जीच्या शेवाळबागेवर, तर शेवटचा दगडी पुलांवर. बागांचे हुबेहूब चित्र मात्र यात शोधू नये; ही रचना मुळात लयीचा अभ्यास आहे.

मूळ ध्वनी मॅकिंटॉश संगणकावर तयार झाले होते. ते संगणक कालबाह्य झाल्याने आता हा भाग नव्या संगणकप्रणालीतून वाजवला जातो.