नेटवरची माहिती आणि वाडीतली आजी



“नेटवरून माहिती काढून आणा,” असे आपण मुलांना सहज सांगतो. पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेताना मीही तेच सांगितले. विषय होता ‘आपली जमात’. आठवीतली एक मुलगी मोबाईलवर वाचता वाचता गप्प झाली. जुन्या इंग्रजी नोंदीचे ते भाषांतर होते. तिच्या माणसांना त्यात हिणवले होते. “ताई, हे खरं आहे का?” तिने विचारले. चूक माझी होती. ते पान मी आधी उघडून पाहिलेच नव्हते. त्या दिवसापासून पाळत आलेल्या चार गोष्टी सांगते.

१. पाने आधी आपण वाचावीत. मुलांना अख्खे इंटरनेट न देता निवडलेली तीन-चार पाने द्यावीत. मराठी विश्वकोश आणि बालभारतीची ई-पुस्तके यांपासून सुरुवात करता येते. विकिपीडियावर कोणीही बदल करू शकतो, म्हणून तिथली माहिती दुसरीकडे पडताळावी. वाडीवर रेंज नसते. पाने आधीच मोबाईलमध्ये उतरवून न्यावीत.

२. हे कोणी आणि कधी लिहिले, ते विचारायला शिकवावे. ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८२ चे आहे. आपले पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पडद्यावर तेही आजच्यासारखेच दिसते. पण लिहिणारे परके राज्यकर्ते होते, हे मुलांना कळले पाहिजे. साधे उदाहरण जवळच आहे. कर्नाळा अभयारण्याचे क्षेत्रफळ कुठे ४.४८, तर कुठे १२.११ चौरस किलोमीटर दिलेले असते. पहिला आकडा १९६८ साली अभयारण्य झाले तेव्हाचा, दुसरा २००३ च्या विस्तारानंतरचा. तारीख पाहिली की घोळ सुटतो.

३. वाचलेले वाडीत विचारावे. खैराच्या गाभ्याच्या लाकडाचे तुकडे पाण्यात उकळून, तो काढा आटवून कात करतात आणि त्यावरूनच कातकरी हे नाव पडले, एवढे संकेतस्थळावर मिळते. पण आपल्या डोंगरात खैर कुठे होते, भट्टी कोण लावायचे, ते काम का थांबले, हे आजी-आजोबाच सांगतील. वहीत दोन रकाने करावेत: ‘साइट काय सांगते’ आणि ‘आपली माणसे काय सांगतात’. दोन्हींत फरक पडला तर खोडू नये; दोन्ही लिहावे.

४. उतरवून काढू देऊ नये. पान बंद करून, समजले ते स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहायला सांगावे. मूल घरची बोली वापरत असेल तर वापरू द्यावी. खाली संकेतस्थळाचे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहावी.

त्या मुलीला मी म्हटले, “हे लिहिणारा तुझ्या आजीशी कधी बोलला असेल का?” दुसऱ्या दिवशी तिने आजीलाच वर्गात आणले. आजी पाऊण तास बोलली. पोरे लिहीत होती. कोणती रानभाजी कधी निघते, कोणता कंद कसा उकडायचा, नदीत मासे कसे धरायचे, यातले किती नेटवर आहे ते आम्ही नंतर शोधले. फारच थोडे सापडले. बाकीचे मुलांच्या वहीत आहे.

येत्या सत्रात प्रकल्प देताना आपणही असा एक तास वाडीतल्या जाणत्या माणसासाठी राखून ठेवावा, ही विनंती.